पुस्तकातला माणूस टीव्हीवर पळाला

त्या मालिकेचं नाव मी घेणार नाही. घेतलं की लोक उत्सुकतेपोटी बघतील, आणि तिला आणखी एक प्रेक्षक मिळावा असं मला अजिबात वाटत नाही. ज्या कादंबरीवर ती काढली तिचंही नाव नको. ती बिचारी जुनी, परदेशातली, तिचा यात काही दोष नाही. जमिनीच्या पोटात उतरत जाणाऱ्या तिघांची गोष्ट आहे ती. एक हट्टी विद्वान, त्याच्या नात्यातला एक तरुण, आणि त्यांना वाट दाखवणारा एक गावकरी. हा गावकरी फार बोलत नाही. पण दोर तोच बांधतो, ओझं तोच वाहतो, आणि बाकीचे दोघं घाबरले, चिडले तरी हा आपलं काम करत राहतो. कादंबरी संपेपर्यंत तो त्यांना सोडून जात नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे.

माझे बाबा विहिरी पाडायचे. आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटाच्या अलीकडे. सहा जणांची टोळी होती. चौघं आमच्या बौद्धवाड्यातले, दोघं भाऊ मेंढरं राखणाऱ्या घरातले. टोळीचा एक नियम होता आणि तो बाबांनी घालून दिला होता. सकाळी विहिरीत पहिला कंदील उतरणार. पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तर हवा चांगली. मग बाबा उतरणार, मग बाकीचे. कंदील विझला तर खाली वायू साचलाय, कुणीही उतरायचं नाही. सुरुंगाचा धूर असो, नाहीतर वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली जुनी विहीर असो, कंदील विझला की बाबा फक्त एक शब्द म्हणायचे. थांब.

आणि लोक थांबायचे. टोळीच नव्हे, मळ्याचा मालकसुद्धा थांबायचा. हे सोपं वाटत असेल तर माझ्या आजोबांचं ऐका. याच मळ्यांमधल्या विहिरींवर आजोबांना रिकामी घागर घेऊन ताटकळावं लागायचं, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. त्यांच्या पोरानं त्याच विहिरींच्या काठावर उभं राहून 'थांब' म्हणायचं आणि मालकानं चप्पल काढून मुकाट उभं राहायचं. बाबांनी आयुष्यात जमीनजुमला कमावला नाही. विहिरीच्या काठावर आपला शब्द चालतो, एवढी एकच गोष्ट कमावली.

सातवीत मला वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून ती कादंबरी मिळाली. मराठीत केलेली, बारीक, कव्हरवर अंधाऱ्या भुयाराचं चित्र. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि टोळी गावातच काम करत होती. मी दुपारी बाबांची भाकरी घेऊन जायची आणि जेवण झालं की लिंबाखाली टोळीला पुस्तक वाचून दाखवायची. सगळे आडवे पडून ऐकायचे. विडी विझून जायची तरी कुणाला भान नसायचं.

ते तिघं पहिल्यांदा भुयारात उतरायला निघाले त्या दुपारी टोळीतला थोरला भाऊ उठून बसला.

"कंदील सोडला का पहिले?"

मी पान उलटून पाहिलं. कंदिलाचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"न्हाई सोडला?" धाकटा म्हणाला. "मग मरत्याल की बे सगळे. कसली अडाणी माणसं हायत."

सगळ्यांचा रस उडाला. एक जण तर पहार घेऊन उठलाच. मला भारी वाईट वाटलं. आपलं बक्षिसाचं पुस्तक अडाणी ठरतंय म्हणजे काय! म्हणून मी पुस्तकाकडे बघत बघत मोठ्यानं म्हणाले, "सोडला ना. वाटाड्यानं दोराला कंदील बांधला आणि हळूहळू खाली सोडला. तो विझला नाही. मग वाटाड्या पहिला उतरला."

टोळीनं सुस्कारा टाकला. थोरला भाऊ बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! हे तर तुमीच हायत की. परदेशातल्या पुस्तकात जाऊन बसले!"

झालं. तेव्हापासून बाबांचं नाव पडलं 'पुस्तकातला'. आधी टोळी म्हणायची, मग वस्ती, मग सगळं गाव. नंतर नंतर तर का म्हणतात तेही लोक विसरले. "जुनी विहीर उघडायची हाय, पुस्तकातल्याला बोलवा." असं सहज म्हणायचे. बाबा वरवर कुरकुरायचे, पण आतून लई खूश असायचे. मी जिथे जिथे तो वाटाड्या काही करायचा तिथे पदरचा कंदील घालत गेले आणि पुस्तक संपेपर्यंत दहा-बारा वेळा तरी घातला. बारा वर्षांच्या पोरीनं केलेली लबाडी होती ती, आणि तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नव्हता. मागच्या वर्षापर्यंत.

आता बाबांची पंचाहत्तरी उलटली. दगडाची भुकटी छातीत बसलीय, दहा पावलं चालले की थांबावं लागतं. उतरणं कधीच बंद झालं. पण गावात कुणाच्या विहिरीतला गाळ काढायचा असो, मोटर अडकलेली असो, लोक आधी बाबांना नेतात. ते कंदील सोडतात, बघतात, मान हलवतात, चहा पितात आणि घरी येतात. मी बीडला शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की मांजरसुंब्याला गाडी बदलून गावी जाते, सोमवारी पहाटे परत.

असल्याच एका शनिवारी आईच्या टीव्हीवर जाहिरात दिसली. तीच कादंबरी! परदेशी मालिका, मराठीत आवाज दिलेले, दर रविवारी सकाळी दहाला. माझ्या अंगात वारंच शिरलं. मी स्वतः दारोदार सांगत फिरले. "या सगळे, बाबांची गोष्ट टीव्हीवर येतीय." कुणी बोलावलं होतं लोकांना? मी. टीव्ही अंगणात मांडून कुणी सतरंजी अंथरली? मी. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पंचवीस-तीस माणसं जमली. टोळीतले ते दोघं भाऊ आले, थोरला तर फेटा बांधून. आमच्या वस्तीलगतच्या मळ्याचा मालक आला. तो सातवीपर्यंत माझ्याच वर्गात होता, तोंडानं तिखट पण येणंजाणं ठेवून असलेला माणूस. आईनं सगळ्यांना चहा केला.

आणि मालिका सुरू झाली. विद्वान शुद्ध मराठी बोलत होता, एकदम घोटीव. त्याच्याबरोबरचा तरुण तसंच बोलत होता. बर्फाच्या मुलखातली भटकी कुत्री बोलली असती तर तीही शुद्धच बोलली असती. आणि मग वाटाड्या पडद्यावर आला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "लई खोल हाय मालक, मला न्हाई जमणार."

अंगणात एकच हशा. "आपल्यासारखं बोलतंय की हे!" लोकांना गंमत वाटली. बाबाही हसले. मला मात्र पहिल्याच झटक्याला टोचलं. कावून हो? मूळचा तो माणूस आपल्या देशातलाही नाही. मग सगळ्या जगातून आमचीच बोली सापडली तुम्हाला त्याच्या तोंडात घालायला? आणि "मला न्हाई जमणार" कोण म्हणतो? पुस्तकात तो मुळात बोलतच नाही, नुसता करतो! इथे त्याला बडबड्या केला, भित्रा केला, खादाड केला. दर रविवारी तो कुठेतरी धडपडायचा, विद्वान त्याला झापायचा आणि मागे गमतीशीर वाद्य वाजायचं. मी म्हटलं असू दे, पुढे सुधारतील.

चौथ्या रविवारी त्यांनी जे केलं ते ऐका. खाली भुयारात विद्वान आणि तो तरुण दमून झोपले. वाटाड्या हळूच उठला. पाण्याच्या पिशव्या उचलल्या, खाण्याचं उचललं आणि वरच्या वाटेनं पळाला. पळाला! जागा झाल्यावर विद्वान म्हणतो की असल्या लोकांवर विश्वासच ठेवायला नको होता. असल्या लोकांवर! आणि पुढच्या सगळ्या भागांत पाणी शोधायचं, वाट काढायची, दोर बांधायचा, जी जी कामं पुस्तकात वाटाड्यानं केली ती सगळी करायला त्यांनी एक नवीनच देखणी शास्त्रज्ञ बाई आणून ठेवली. बाईबद्दल माझं काही म्हणणं नाही. आणा की हजार बाया. पण ज्यानं काम केलं त्याचं काम काढून घेऊन वर त्यालाच चोर करायचं, ही कुठली कला?

मग माझा वर्गमित्र बाबांकडे वळून ओरडला, "काय हो पुस्तकातले! पळालात की!"

सगळं अंगण हसलं. फेटेवाला थोरला भाऊ सोडून सगळे. आणि बाबाही हसले, तेच मला बघवेना. ते हसले, खोकले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले ते परत बाहेर आलेच नाहीत. आई तडकली, "मेल्यांनो, चहा तरी पचू द्या माझ्या घरचा!" त्यावर लोक आणखी हसले.

दुष्टपणानं कुणी हसलं नव्हतं, हे मला कळतं. पण चेष्टा एकदा गावात शिरली की तिला कुणी आवरत नाही. बाबा पारावर गेले की, "पाण्याची बाटली सांभाळा रे, पुस्तकातले आले." दुकानात गेले की, "पळू नका, सुट्टे घेऊन जा." चाळीस वर्षं जे नाव मानाचं होतं ते चार रविवारांत शिवीसारखं झालं. बाबा पारावर जायचे बंद झाले.

मी शाळेत हे सांगितलं तर एक सर बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "अहो मॅडम, कथेला वळण लागतं. त्याशिवाय लोक बघत नाहीत." वळण! तुम्हाला वळण पाहिजे तर विद्वानाला पळवा की. तो कशाला पळेल, त्याची भाषा शुद्ध ना! मी वाहिनीला तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं दोन ओळींचं. आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद, असेच पाहत राहा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी ठरवलं, पुस्तकच समोर ठेवायचं. कपाटातून ते काढलं आणि पुढच्या रविवारी मालिकेच्या आधी अंगणात वाचायला बसले. तो पळत नाही हे दाखवणारी पानं एकामागून एक वाचली. वर्गमित्र म्हणाला, "आगं, मग टीव्हीत दाखवलं ते काय उगाच व्हय?" मी म्हटलं, "उगाचच. खरं इथे लिहिलंय."

तेवढ्यात थोरल्या भावाला जोर चढला. "आन् कंदील? टीव्हीत कंदीलबी न्हाई सोडला. बाई, ते कंदिलाचं पान वाच. म्हंजी ह्यांची तोंडं बंद व्हतील."

मी पुस्तक हातात धरून बसले. थोरला भाऊ आशेनं बघत होता. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. खोटं बोलायला एक क्षण पुरेसा होता, बारा वर्षांची असताना पुरलाच होता की. पण आता मी वर्गाला खरं बोलायला शिकवते, आणि शेजारी बसलेली पोरं पुस्तकात डोकावत होती.

"काका," मी म्हणाले, "कंदील पुस्तकात नाही. तो मी घातला होता."

"तू घातलास?"

"हो."

वर्गमित्रानं टाळीच वाजवली. "म्हंजी हिनंबी बदललं, त्यांनीबी बदललं! मग भांडतीस कशाला गं?"

मी कंदील घातला, त्यांनी माणूस काढला. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला आजही छाती ठोकून सांगता येईल. पण त्या अंगणात माझं कुणी ऐकेना. बाबा दारातून आत वळले. थोरला भाऊ तेवढा उठताना म्हणाला, "चुकलंच, पोरी. आधी सांगायचं व्हतंस." फेटा त्यानं काखेत घेतला होता.

त्यानंतर बरेच दिवस बाबांना विहिरीवर कुणी बोलावलं नाही. मे महिन्यात त्या वर्गमित्राच्याच मळ्यातली जुनी विहीर उघडायची निघाली. तीन-चार वर्षं ती काट्याकुट्यांनी झाकलेली होती आणि तळाशी जुनी मोटर अडकली होती. त्याला बाबांना बोलवायचं नव्हतंच. त्याच्या आईनं बोलावलं. म्हातारी स्वतः आमच्या दारात आली आणि म्हणाली, "चला भाऊ. तुमच्याबिगर मी कुणाला उतरू द्यायची न्हाई." सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले. बाबांनी कंदील पुसला, काच साफ केली, नवी वात घातली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता!

विहिरीवर दोन मजूर काटे तोडून बसले होते. वर्गमित्र नव्या दोराचं एक टोक खांबाला बांधत होता. बाबांनी आपल्या दोरीनं कंदील सोडला. एक परस, दोन परस. परस म्हणजे पुरुषभर खोली, विहीर तशीच मोजतात. तिसऱ्या परसाला ज्योत बारीक झाली आणि विझली. बाबांनी कंदील वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझला.

"थांब," बाबा म्हणाले. "आज कुणी उतरायचं न्हाई. लिंबाचे डहाळे बांधून खालीवर करू, हवा हलू द्या. उद्या परत बघू."

"उद्या मला टाइम न्हाई," तो म्हणाला आणि दोर कमरेला गुंडाळायला लागला. "अन् कंदील तर पुस्तकातबी न्हवता म्हणं. तुमच्या लेकीनंच सांगितलं."

मजूर फिसकन हसले. मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं.

"थांब म्हणलं ना," बाबा पुन्हा म्हणाले.

"तुमी निघा हो म्हातारबा. न्हाईतर पळायला उशीर व्हायचा." असं म्हणून तो विहिरीच्या काठावर बसला आणि पाय आत सोडले. त्याची आई ओरडत होती, मी ओरडत होते, तो हसत होता. मजुरांनी दोर हातात घेतला.

बाबांनी तिसऱ्यांदा थांब म्हटलं नाही. काटे तोडायची कुऱ्हाड खाली पडली होती ती त्यांनी उचलली. दहा पावलं नीट न चालणारा माणूस तो, पण दोन घाव असे घातले की काठाच्या दगडावर ताणलेला नवा दोर तुटून पडला. मजूर मागच्या मागे बसले. वर्गमित्र कमरेला तुटका तुकडा घेऊन काठाला घट्ट धरून राहिला आणि मग धडपडत वर आला.

"येड लागलं का म्हाताऱ्या! नवा दोर व्हता! कावून तोडला?"

"आता उतर," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, कारण श्वास लागला होता.

त्याच्या आईनं कंदील पेटवला आणि स्वतःच्या हातानं विहिरीत सोडला. तिसऱ्या परसाला तो विझला. तिनं लेकाकडे बघितलं. त्यानं मान फिरवली. माफी नाही, आभार नाहीत. तुटका दोर गोळा करून तो गाडीकडे निघून गेला. पुढे दोन दिवस डहाळे हलवल्यावर कंदील तळापर्यंत जळला आणि मगच तो उतरला, हे आम्हाला त्याच्या आईकडून कळलं.

घरी येताना बाबा बांधावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती. मला रडू येत होतं, अभिमानानंही आणि संतापानंही. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बाबा, माणूस वाचवलात तुम्ही. गाव बोलेल आता, बघा तुम्ही."

"वाचला," बाबा म्हणाले. त्यांनी मान विहिरीकडे वळवली. "पण चाळीस वर्षांत मला कवा कुऱ्हाड उचलावी लागली न्हाई, माय. नुसतं थांब म्हणलं की लोक थांबायचे."